नेक आणि ब्रिज हमबकरची जोडी: सुरुवात नेकपासून करा

प्रश्न लातूरहून आला आहे, थोडक्यात असा. दोन हमबकरची, २२ फ्रेटची, बाहेर देशात बनलेली स्वस्तातली गिटार. (पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग, आणि हमबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप. एक नेकच्या, म्हणजे गळ्याच्या टोकाला असतो, दुसरा ब्रिजजवळ, म्हणजे तारा अडकवतात तिथे.) वाजवणारे ऑर्केस्ट्रात लीडला असतात. लग्नसराईत हिंदी-मराठी गाणी, एप्रिलमध्ये जयंतीच्या भीमगीतांचे कार्यक्रम, भाद्रपदात गणपतीचे मंडप. गिटार प्रोसेसरमधून, म्हणजे इफेक्टच्या पेटीतून, सरळ मिक्सरला जाते, अँप नसतोच. तक्रार अशी की नेकवर आवाज गढूळ, ब्रिजवर पातळ आणि कानाला टोचणारा, आणि पिकअप निवडायचा स्विच (नेक, दोन्ही, ब्रिज) फिरवला की प्रत्येक वेळी प्रोसेसरवर हात न्यावा लागतो. मित्रांचा सल्ला आहे की सगळ्यात ‘हॉट’, म्हणजे जास्त जोराचा, पिकअप घ्या आणि दोन्हीकडे तोच बसवा. तसं करावं का?

करू नका. दोन्हीकडे एकच हॉट पिकअप टाकलात तर आजचीच तक्रार राहील, फक्त जास्त मोठ्या आवाजात. मी संभाजीनगरात गुलमंडीजवळ बसून बरीच वर्षं गिटारी उघडतोय, आणि दोन महागडे पिकअप घेऊनही जोडी न जमलेल्या गिटारी माझ्याकडे सतत येत असतात. जोडी जमली की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. प्रोसेसरला हात न लावता स्विच तिन्ही ठिकाणी फिरवायचा. तिन्ही आवाज एकाच गाण्यात वापरावेसे वाटले तर जोडी जमली. नाही वाटले, तर पिकअप कितीही नावाजलेले असोत, काम अर्धंच झालंय.

कारण तारेत आहे. जाड मी (E) तार जरा जोरात छेडा आणि नीट बघा. ब्रिजजवळ ती हललेली जेमतेम दिसते, आणि नेकच्या पिकअपवर तिचा चांगला रुंद पट्टा दिसतो. एकच पिकअप दोन्हीकडे, एकाच उंचीवर बसवला तर नेकचा आवाज मोठा आणि खर्जाने भरलेला येणार, ब्रिजचा बारीक येणार. शिवाय २२ फ्रेटच्या गिटारीत नेक पिकअप साधारण तिथे असतो जिथे चोविसावा फ्रेट असता, म्हणजे तारेच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. २४ फ्रेटच्या गिटारीत तो पिकअप ब्रिजकडे ढकलला जातो, म्हणून तिथे तोच पिकअप जास्त उघडा वाजतो. तुमच्या मित्राच्या २४ फ्रेटच्या गिटारीत सुरेख वाजणारा नेक पिकअप तुमच्याकडे घुमू शकतो, तो यामुळेच. त्याच्या गिटारीवर ऐकून खरेदी करू नका.

सेथ लव्हर यांनी गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीत हमबकर बनवला. १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून तो त्यांच्या लेस पॉल गिटारींवर आला. तेव्हा नेकचा वेगळा आणि ब्रिजचा वेगळा असं काही नव्हतं. पेटीतून जो हाताला लागेल तो पिकअप ज्या जागी लागेल त्या जागी बसायचा, आणि कॉइलवरच्या तारेची गुंडाळणीही कमीजास्त व्हायची. त्यातल्या काही गिटारींत ब्रिजला जास्त वेढ्यांचा आणि नेकला कमी वेढ्यांचा पिकअप योगायोगाने गेला, आणि त्या गिटारी आवाजाला उजव्या ठरल्या. आज ‘कॅलिब्रेटेड सेट’ म्हणून विकतात तो हाच योगायोग, आता ठरवून केलेला: नेकला कमी वेढे, ब्रिजला जास्त.

आता रेझिस्टन्स, म्हणजे कॉइलच्या तारेचा विजेला होणारा अडथळा. दुकानात, व्हिडिओत सगळीकडे पिकअप किलोओहममध्ये मोजतात: हा ८चा, तो १६चा, म्हणजे १६चा दुप्पट जोरदार. हे खरं नाही. ४२ गेजच्या तारेऐवजी ४४ गेजची बारीक तार वापरली तर तेवढ्याच लांबीला रेझिस्टन्स दीडपटीहून जास्त येतो, वेढे तेवढेच असले तरी. त्यात आपल्याकडचं हवामान. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी बदलतो. परभणीचा एक मुलगा डिसेंबरात पहाटे घरी पिकअप मोजून ७.७ लिहून घेऊन गेला होता. मे महिन्यात माझ्या पत्र्याच्या दुकानात दुपारी तोच पिकअप ८.७ दाखवायला लागला. आधी ज्याने सोल्डरिंग केलं होतं त्याने पिकअप बदलून दिला अशी त्याला शंका आली. पिकअप तोच होता. दहा अंशांवर आणि बेचाळीस अंशांवर एका ८ किलोओहमच्या पिकअपमध्ये एवढा फरक पडतोच. मी त्याच्यासमोर पिकअप थर्मासच्या झाकणात बर्फाशेजारी ठेवला, पाणी लागणार नाही असा, आणि मीटरवरचा आकडा खाली खाली येताना दाखवला. तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. दोन पिकअपची तुलना करायचीच असेल तर दोन्ही एकाच वेळी, एकाच टेबलावर मोजा.

मी रेझिस्टन्सपेक्षा इंडक्टन्सवर, म्हणजे कॉइल बदलत्या विजेला किती अडवते त्यावर, जास्त भरवसा ठेवतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो मोजणारा साधा एलसीआर मीटर मिळतो. जुन्या पद्धतीच्या हमबकरचा इंडक्टन्स साधारण ४ ते ५ हेन्री असतो, हॉट पिकअपचा ८च्या आसपास जातो. हा आकडा तुमच्या ‘गढूळ’ शब्दाशी थेट जोडलेला आहे. पिकअपची कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स (वीज साठवून धरण्याचा गुण, केबल लांब तितका जास्त) मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आवाजाला उंचवटा येतो आणि त्याच्या वरचं सगळं उतरत जातं. साधारण ५ मीटरची बरी केबल धरली, मीटरला शंभर पिकोफॅरडच्या हिशोबाने, तर ४.५ हेन्रीच्या पिकअपचा उंचवटा ३००० हर्ट्झच्या आसपास येतो. ८ हेन्रीचा २३०० च्या आसपास. नेकवर तार आधीच खर्ज देत असते. तिथे वरचं असं कापलं की शब्द चावून बोलल्यासारखा आवाज येतो. म्हणून हॉट पिकअप नेकला नको.

याच हिशोबातून तुम्हाला एक फुकटचा उपाय सापडतो. ऑर्केस्ट्रात बरेच जण माइकच्या वायरीतून स्वतः बनवलेली दहा-दहा मीटरची केबल वापरतात. दहा मीटर केबलवर ४.५ हेन्रीचा चांगला पिकअपसुद्धा २३०० हर्ट्झवर येऊन बसतो, म्हणजे आयता गढूळ. प्रोसेसर पायाजवळ ठेवा, गिटारपासून प्रोसेसरपर्यंत तीन मीटरची चांगली केबल घ्या, आणि लांब केबल प्रोसेसरच्या पुढे मिक्सरकडे जाऊ द्या. तिथे लांबीने फरक पडत नाही. पिकअपवर एक रुपया घालण्याआधी हे करून बघाच.

दुसरा फुकटचा उपाय उंचीचा, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक तक्रारी इथेच मिटतात. गिटार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये घ्या. जाड मी तार बाविसाव्या फ्रेटवर दाबून धरा, म्हणजे ती पिकअपच्या जास्तीत जास्त जवळ येईल. तार आणि पोल (पिकअपवर तारेखाली दिसणारं लोखंडी टोक) यांच्यात ड्रिल बिट आडवा सरकवा. नेकला २.५ मिमीचा, ब्रिजला १.५ मिमीचा. बिट लोखंडी असल्याने पोलला चिकटून बसतो, त्यामुळे हात मोकळा राहतो. तार बिटाला फक्त टेकली पाहिजे, उचलली जाता कामा नये. हेच बारीक मी तारेवर करा. हे झाले सुरुवातीचे आकडे. आता प्रोसेसरवर साधा क्लीन पॅच लावा, कॉम्प्रेसर बंद, आणि मिक्सरच्या चॅनेलवरचे लेव्हलचे दिवे बघत एकच चाल तिन्ही पोझिशनवर वाजवा. नेक वरचढ असेल तर नेक खाली घ्या, ब्रिज वर उचलण्याच्या मागे लागू नका. नेकची खर्जाची बाजू ३ मिमी, कधी ३.५ पर्यंत उतरवावी लागते. बारीक तारांची बाजू तशीच राहू द्या. पिकअप असा जरा तिरपा झाला की नेकचा खर्ज मोकळा होतो आणि सोलोच्या तारा पुढे येतात. मग त्याच अंतराला नेकचे स्क्रू पोल अर्धा-एक फेरा वर घ्या, पूर्ण पिकअप नव्हे. तिसरी तार प्लेन, म्हणजे वेढ्यांविना साधी, असेल तर ती अंगावर येते, तिचा पोल थोडा खाली ठेवा.

ब्रिज फार जवळ नेलात तर चुंबक तारेला ओढतो. बाराव्या फ्रेटच्या वर जाड तारेवर एका सुरात दोन सूर भांडतायत असं ऐकू आलं की समजा, जवळ गेलं. कितीही ट्यून करा, ते भांडण जात नाही.

आणि हो, जुन्या गिटारीत पिकअपच्या स्क्रूखालच्या स्प्रिंगा दबून निकामी झालेल्या असतात. स्क्रू फिरतो पण पिकअप हलत नाही, किंवा कार्यक्रमात हळूहळू बसत जातो. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मिळते ना, तिचे सारखे तुकडे कापून स्प्रिंगच्या जागी घाला. वर्षभर जागचा हलणार नाही. नळीला तेल लागू देऊ नका.

आता पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचा बदलता रेझिस्टन्स. हमबकरला ५००के, म्हणजे ५०० किलोओहमचा, लागतो. पण ५००के छापलेला पॉट प्रत्यक्षात ४०० ते ६०० यातला काहीही निघतो, कारण वीस टक्के इकडेतिकडे चालतं. तुमच्या गिटारीला दोन व्हॉल्यूम असतील तर चार-पाच पॉट मोजून घ्या. सगळ्यात जास्त आकड्याचा नेकला द्या, कमी आकड्याचा ब्रिजला. नेक उघडतो, ब्रिजचं टोचणं कमी होतं. स्वस्त गिटारींत कधी कधी २५०के लावलेला सापडतो, तिथेच तुमचं गढूळपण असू शकतं. एकच व्हॉल्यूम असेल तर नेक ठीक होईल असा पॉट निवडा आणि ब्रिजचा कर्कशपणा टोनच्या पॉटने आवरा.

एवढं करूनही नेक घुमतच असेल तर पिकअप बदलायचा. एकच बदलणार असाल तर आधी नेक बदला. लोक उलट करतात, आधी ब्रिज बदलतात, कारण डिस्टॉर्शन तिथे वाजतं. पण ब्रिजला चांगला पिकअप लावल्यावर नेक आणखीच वाईट वाटायला लागतो आणि मग दुसराही घ्यावा लागतो. नेक स्वच्छ झाला की ब्रिजला किती वजन हवं ते कानाला आपोआप कळतं.

तुमच्या कामाला काय बसेल? तुम्ही निम्मा वेळ क्लीनवर कॉर्ड धरता, मधल्या म्युझिकमध्ये सोलो घेता, आणि सगळं मिक्सरमध्ये जातं. हॉट ब्रिज प्रोसेसरच्या इनपुटलाच कोंबतो, त्याचा लाल दिवा लागतो आणि क्लीन आवाज फाटतो. म्हणून नेकला ७ ते ७.५ किलोओहमच्या आसपासचा, ब्रिजला ८ ते ९च्या दरम्यानचा, दोन्हीत अल्निको ५ चुंबक, असा जुन्या पद्धतीचा सेट घ्या. सेमूर डंकन या पिकअप कंपनीचा ‘५९ नेक आणि ब्रिज’ हा अशा जोडीचा सरळ नमुना आहे, आणि त्याच घाटाचे स्वस्त सेटही मिळतात. ब्रिजला आणखी ताकद हवीच असेल तर त्याच कंपनीची, नेकला ‘जॅझ’ आणि ब्रिजला ‘जेबी’ ही जगभर वापरली जाणारी जोडी. आकड्यांत ती अगदीच बेमेल दिसते, नेक ७.७च्या आसपास आणि ब्रिज १६च्या वर. पण ‘जॅझ’ मुद्दाम मोकळा, खर्ज आवरलेला बनवला आहे, म्हणून ‘जेबी’च्या जाडपणाशेजारी तो बुडत नाही. डिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीकडे ब्रिजला ‘सुपर डिस्टॉर्शन’ आणि नेकला ‘पीएएफ प्रो’ हाच विचार आहे. ‘सुपर डिस्टॉर्शन’ १९७२ पासून आहे, त्यात सिरॅमिक चुंबक आहे, खर्ज घट्ट येतो. मी ते मेटल म्युझिकच्या कडक वाजवण्याला देतो, लग्नाच्या ऑर्केस्ट्राला नाही.

ईएमजी कंपनीचे ८१ आणि ८५ हे अ‍ॅक्टिव्ह पिकअप, ८१ ब्रिजला आणि ८५ नेकला, हीसुद्धा विचार करून केलेली जोडी आहे. पण त्यांना ९ व्होल्टची बॅटरी आणि २५केचे पॉट लागतात. एक अ‍ॅक्टिव्ह आणि एक साधा असं मिश्रण करू नका. ते बसवायला वेगळी तयारी लागते. आणि दोन्ही अ‍ॅक्टिव्ह असतील तर कार्यक्रमाच्या मध्येच बॅटरी उतरली की दोन्ही गेले.

मधल्या पोझिशनविषयी फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. दोन्ही पिकअप पॅरलल जोडलेले असतात. एक ४ हेन्रीचा आणि एक ८ हेन्रीचा असेल तर आवाज बरोबर मध्ये येत नाही. ज्याचा इम्पीडन्स, म्हणजे आवाजाच्या विजेला होणारा एकूण अडथळा, कमी, त्याच्याकडे तो झुकतो, म्हणजे मधली पोझिशन बरीचशी नेकसारखी वाजते. ‘जेबी’वाल्या जोड्यांत हे स्पष्ट जाणवतं. क्लीन कॉर्डला मधली पोझिशन तुम्ही जास्त वापरत असाल, आणि ऑर्केस्ट्रात ती सगळ्यात उपयोगी असतेच, तर जवळजवळच्या आकड्यांची जोडी घ्या. ‘५९’ पुढे करण्याचं माझं मुख्य कारण हेच आहे. कीबोर्ड आणि ढोलकीच्या मध्ये तो मधला आवाज छान बसतो, कुणाच्या अंगावर न जाता ऐकू येतो.

वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावताना मात्र फेजचा घोटाळा होतो, म्हणजे दोघांचे आवाज एकमेकांच्या उलटे पडून एकमेकांना मारतात. नेक एकटा चांगला, ब्रिज एकटा चांगला, आणि मध्ये आणला की आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, नाकात, खर्ज गायब. ब्रिटिश गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या लेस पॉलमधला तसा आवाज जगप्रसिद्ध झाला, नेकच्या पिकअपमधलं चुंबक उलटं बसलं होतं म्हणून. तुम्हाला तो रोज नको आहे. रंगांवर विसंबू नका. सेमूर डंकनमध्ये हॉट वायर काळी, हिरवी ग्राउंड, लाल-पांढरी एकमेकींना जोडायच्या. डिमार्झिओमध्ये हॉट लाल, हिरवी ग्राउंड, काळी-पांढरी एकमेकींना. एका कंपनीचा आराखडा बघून दुसरीचा पिकअप जोडला की घोटाळा ठरलेला.

बसवण्याआधी तपासायची सोपी रीत आहे. काट्याचा मल्टीमीटर घ्या, ओहमवर लावा, पिकअपच्या दोन टोकांना जोडा. स्क्रूड्रायव्हरचं पातं दोन्ही कॉइलच्या पोलांवर सपाट टेकवा आणि काटा कुठे झटका देतो ते बघा. दुसऱ्या पिकअपवर तेच, प्रोब त्याच क्रमाने: लाल हॉटला, काळा ग्राउंडला. दोन्हींचा झटका एकाच बाजूला गेला तर फेज बरोबर. उलटा गेला तर एकाच्या हॉट आणि ग्राउंड वायर अदलाबदल करा. हे फक्त चार वायर आणि वेगळी शील्ड असलेल्या पिकअपमध्ये. ज्या पिकअपला वरून जाळी आणि आत एकच वायर असते, त्याची जाळी खालच्या पत्र्याला आणि कव्हरला जोडलेली असते. मी सुरुवातीच्या काळात असा एक पिकअप उलटा जोडला होता. गिटारवाल्याने कव्हरला बोट लावलं की भर कार्यक्रमात भुंगा सुटायचा. मला कळेपर्यंत त्याचे दोन कार्यक्रम खराब झाले, त्याचं आजही वाईट वाटतं. तिथे वायर नाही, चुंबक उलटायचं असतं, आणि ते सराव असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. कॉइलची तार केसाहून बारीक असते.

कॉइल स्प्लिटचा मोह होतो, पुश-पुल पॉट लावून सिंगल कॉइलचा आवाज काढायचा. पण हमबकरची दोन्ही कॉइल मिळूनच विजेची ५० हर्ट्झची गुणगुण एकमेकींना मारते. एक बंद केली की मंडपातला जनरेटर, डिमर आणि एलईडी लाइटा सगळ्या ऐकू येतात. आपल्याकडच्या मंडपांत मी स्प्लिटऐवजी दोन्ही कॉइल पॅरलल करून देतो. आवाज पातळ आणि चकचकीत होतो, गुणगुण मात्र गप्प राहते. गुणगुणीवरून आठवलं म्हणून कळकळीने सांगतो: गिटारीच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, आणि कित्येक गावांत मंडपाच्या बोर्डाला अर्थिंगच नसतं. माइकला ओठ लावण्याआधी टेस्टरने माइक आणि तारा तपासायला साउंडवाल्याला सांगा. लाज वाटू देऊ नका.

पिकअपला कव्हर असेल तर बघा, स्वस्त गिटारींत ते पितळेचं असतं आणि वरचा आवाज खातं. निकेल सिल्व्हरचं असेल तर फारसा फरक पडत नाही. मोठ्या आवाजात नेक किंचाळत असेल तर आत मेण भरलेलं नाही, मग आवाज जमवण्याआधी ते काम करून घ्यावं लागेल.

शेवटी मागवण्याआधीचं एक माप. ब्रिज पिकअपवर जाड मी तारेच्या मध्यापासून बारीक मी तारेच्या मध्यापर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा. साधारण ५० मिमी आलं तर साधा हमबकर चालेल. ५२-५३ आलं तर ब्रिजला रुंद स्पेसिंगचा घ्यावा लागेल, नाहीतर दोन्ही कडेच्या तारा पोलच्या बाहेरून जातात आणि बारीक मी हळू वाजते. नेकला बहुतेक गिटारींत साधाच चालतो. हा आकडा दुकानदाराला सांगा, मगच पैसे द्या.